मडीतला काढा

१ डिसेंबर १९५७, रविवार

सप्टेंबरात पेन्शनीत निघालो तेव्हापासून काहीतरी भरीव हाती घ्यावं असं मनात होतं. हिशेबाच्या कचेरीत सारा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला. आता काहीतरी स्वतःचं करावं, चार लोकांनी बिंदुमाधवरावांचं नाव घ्यावं, एवढीच इच्छा.

विषय घरातच सापडला. अनुसूयेला उन्हाळी लागली आहे. लघवीला आग, थेंब थेंब होते, ओटीपोटात कळ. दिवाळीपासून ही तिसरी खेप. मला हे आज कळलं, आणि तेही तिच्याकडून नाही. अहल्या पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "अण्णा, आईला डॉक्टरीणबाईंकडे न्यायला पाहिजे," आणि कशासाठी ते भिंतीकडे बघत सांगितलं. आमची मुलगी बी.एस्सी. करते. त्यामुळे तिला सगळ्याला डॉक्टर लागतो.

डॉक्टरी बाटली या घरात येणार नाही, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. त्या कोण भरतं, कुठल्या हातानं भरतं, काही पत्ता असतो का? आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिची मडी या घरात जशीच्या तशी आहे. पुण्याकडचे पाहुणे तिला सोवळं म्हणतात आणि सणापुरती पाळतात. इथे बंगळूरात आमच्याकडे ती रोजची. पहाटे विहिरीवर आंघोळ करून, ओलं लुगडं नेसून बाई एकदा स्वैपाकघरात शिरली, की नैवेद्य होऊन पुरुषांची पानं उठेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही आणि तिनं कशाला शिवायचं नाही. अनुसूयेनं सव्वीस वर्षांत यात एकदाही कसूर केली नाही. हे मी चारचौघांत अभिमानानं सांगतो.

मागे अव्हेन्यू रोडवर वनौषधींचं एक जुनं पुस्तक घेतलं होतं, त्यात मूत्रविकारांवर अख्खं प्रकरण निघालं. ते वाचून काढलं. खरं लिहायचं तर दुपारपासून मला फार हुरूप आला आहे. घरात रोगी सापडल्याचा आनंद होणं बरं नव्हे, पण दैनंदिनीत खोटं लिहून फसवायचं कुणाला?

४ डिसेंबर

मार्केटात चिकपेटच्या बाजूला गंगव्वा नावाची एक मुळ्यापाल्यावाली बसते. तिला म्हटलं, गोक्षुर द्या. ती बघतच राहिली. म्हटलं, पुनर्नवा आहे का? तिनं शेजारच्या लिंबूवालीला विचारलं की हे गृहस्थ कुठल्या गावचे. शेवटी पुस्तकातलं चित्र दाखवलं.

"अय्यो स्वामी, नेग्गिलमुळ्ळु म्हणा की! शेतात पायाला टोचतं ते हे." आणि मग चिकपेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "उरीमूत्र कुणाला झालंय?"

"मित्राला," मी म्हणालो.

"गंडसाला एक पुडी, बाईला दुसरी. मित्र म्हणजे गंडसूच नव्हे?"

आता काय सांगणार? गंडसू म्हटलं. तिनं पुरुषाची पुडी बांधून दिली. घरी येऊन उघडून पाहिली तर गोखरू, पुनर्नव्याची मुळं, धणे आणि वाळा. यात पुरुषाचं असं खास काही दिसलं नाही. बाईच्या पुडीतही हेच असणार, असं मी ठरवलं आहे.

७ डिसेंबर

आज पहिला काढा झाला. एक अडचण आधी लक्षात आली नव्हती. काढा देवघराच्या शेगडीवर उकळायचा, म्हणजे तो मडीतच व्हायला हवा. मी मडीत नसतो, अहल्या तर नसतेच. तेव्हा तो अनुसूयेनंच करायचा. मी पुस्तक घेऊन उंबऱ्याबाहेर बसलो आणि एकेक वाचून सांगत गेलो. आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवा, असं होतं. तिकडे भात उतू गेला. मी म्हटलं, भात थांबेल, काढा थांबणार नाही.

मात्रा मीच ठरवली. एक मोठा लोटा उठल्याबरोबर, एक पूजेच्या आधी, एक नैवेद्याच्या आधी. सगळं रिकाम्या पोटी, म्हणजे सगळं जेवणाआधीच.

लोट्याकडे बघून ती म्हणाली, "एवढं पाणी पोटात गेलं तर..."

"तर काय?"

"काही नाही. सरी, घेते."

बायका वाक्य पुरं करत नाहीत. रोगाचं निदान अवघड होतं ते यामुळे.

११ डिसेंबर

आज संताप झाला. पूजेच्या आधीचा लोटा खिडकीतून केळीच्या बुंध्यात ओतताना मी तिला स्वतः पाहिलं. म्हणजे इतके दिवस औषध केळ घेते आहे! केळ तरारली आहे, हे मात्र मान्य करायला हवं.

मी आवाज चढवला. ती शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. उत्तर अहल्येनं दिलं.

"अण्णा, ते प्यायलं की तिला जावं लागतं."

"मग जावं. कुणी अडवलंय?"

"गेलं की मडी मोडते. पुन्हा विहिरीवर आंघोळ, पुन्हा ओलं लुगडं. पानं पडेपर्यंत तीनदा."

"मग तीनदा करावी. विहिरीला पाणी आहे की."

मी कर्मठ नाही. धर्म आणि आरोग्य समोरासमोर आले तेव्हा मी आरोग्याच्या बाजूनं बोललो, हे अहल्येनं लक्षात घ्यायला हवं होतं.  तेवढ्यात अनुसूया म्हणाली, "तीनदा कशाला की. मी काढा घेते आणि थांबते. एरवीही थांबतेच. सवय आहे."

तिच्या संयमाचं मला मनापासून कौतुक वाटलं. माझ्यानं घटकाभरही थांबवत नाही. कचेरीत मी दर तासाला उठायचो, साहेबसुद्धा काही बोलत नसत. बायकांना निसर्गानंच ही ताकद दिलेली असावी. पुस्तकात याचा उल्लेख नाही, पुढेमागे मीच कुठेतरी मांडीन.

१७ डिसेंबर

कालपासून धनुर्मास लागला. या महिन्यात उजाडायच्या आत पूजा आणि हुग्गीचा, म्हणजे मुगाच्या खिचडीचा, नैवेद्य व्हायला हवा, म्हणून अनुसूया आता कोंबडा आरवायच्याही आधी विहिरीवर असते. या दिवसांत बंगळूरची थंडी म्हणजे शालीतून हात काढवत नाही. आज एकादशी, म्हणजे पाण्याचा थेंबही नाही आणि काढाही नाही. शरीराला एक दिवस विसावा मिळाला, हे चांगलंच झालं.

तिला सर्दी झाली आहे, दात वाजतात. ओल्या लुगड्यानं होतं, असं अहल्या म्हणते. मला हा कफाचा प्रकोप वाटतो. उद्यापासून काढ्यात मिरी आणि सुंठ घालणार आहे.

आगीचं विचारलं तर ती "आहे तसंच" म्हणाली. हे उत्तर मला आवडलं नाही. तिचा चेहराही उतरला आहे. मिरी घातल्यावर फरक पडेल. पडायलाच हवा.

२२ डिसेंबर, रविवार

मोठी बातमी. आमच्या मराठी वाचनालयानं माझं व्याख्यान ठेवलं आहे! १२ जानेवारीला, विषय 'मूत्रविकार आणि घरगुती वनस्पती'. चिटणीस मल्हारराव आज घरी आले होते. चिकपेटेत त्यांचं लुगड्यांचं दुकान आहे. माणूस मराठ्याचा, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ते म्हणाले, "बिंदुराव, जानेवारीत तबलजी येणार होता, तो आजारी पडला. तुम्हीच उभे राहा."

मी माझा काढा समजावून सांगितला. ते कॉफी पीत ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या घरात बायकांना हे कधी होत नाही बघा. पाणी पितात, लागली की उठून जातात."

"तुमची प्रकृती वेगळी, आमची वेगळी," मी म्हणालो. प्रकृतिभेद या लोकांना कसा समजावायचा? आडदांड माणसं. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. अहल्या हसत होती असं वाटलं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

जाताना मल्हारराव सांगत होते की जयनगरात त्यांच्या मेहुण्यानं नवं घर बांधलं, तिथे संडास घरातच आहे, मोरीला लागून. मी म्हटलं, मग जेवता कुठे? ते म्हणाले, स्वैपाकघरात, भिंतीच्या अलीकडे. मला अंगावर काटा आला. अनुसूया ताट धूत होती, तिनं हात थांबवून विचारलं, "घरातच? पावसातसुद्धा बाहेर जायचं नाही?" बाईमाणसाला कशाचं कुतूहल वाटेल सांगता येत नाही.

२५ डिसेंबर

गुण आला! आज सकाळी विचारलं तर अनुसूया म्हणाली, "बरं आहे आता. काढा बंद केला तरी चालेल."

सात वेळा तरी मी खात्री करून घेतली. आग? नाही. कळ? नाही. थेंब थेंब? नाही हो. मी व्याख्यानाचं टाचण लिहायला बसलो. सुरुवात अशी केली आहे: "माझ्या स्वतःच्या घरातला एक अनुभव आहे." नाव घेणार नाही. पण लोकांनी ओळखलं तर माझा नाइलाज आहे.

काढा बंद करायला मात्र मी नकार दिला. गुण आलेलं औषध मध्येच सोडायचं नसतं. हे ऐकून तिनं डोळे मिटून घेतले. समाधान वाटलं असावं.

१ जानेवारी १९५८

वैकुंठ एकादशी. देवळांत रीघ लागली आहे. घरात सगळ्यांचा निर्जळ उपवास. सगळ्यांचा म्हणजे अनुसूयेचा. मी प्रकृतीमुळे फराळ केला आणि दुपारी दोनदा कॉफी घेतली. अहल्येनं तर सरळ डबा नेला.

संध्याकाळी अनुसूया देवघराच्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. विचारलं तर म्हणाली, पाठीत दुखतंय, स्वल्प बसते. उपवासानं वात वाढतो. उद्या पारण्याला मठातल्या भीमाचार्यांना जेवायला सांगितलं आहे. तिनं पडून राहावं असं क्षणभर वाटलं, पण आचार्यांना दिलेला शब्द कसा मोडायचा?

२ जानेवारी

हे रात्री, दवाखान्यातून आल्यावर लिहितो आहे.

पहाटे पारण्याचा स्वैपाक करता करता अनुसूया शेगडीपाशी कोसळली. भीमाचार्य पाटावर बसले होते. मी उंबऱ्याबाहेर होतो. मी मडीत नव्हतो, म्हणून आत गेलो नाही. तिला शिवलो असतो तर सगळा स्वैपाक वाया गेला असता. एवढा विचार मी उभ्या उभ्या केला. तेवढ्यात अहल्या चपला घालूनच आत धावली आणि तिनं आईला उचललं. अंग चटके बसावेत असं तापलेलं आणि तरी थडथड उडत होतं. अहल्येनं मला काही विचारलं नाही. कोपऱ्यावरून घोड्याचा जटका आणला, ओल्या लुगड्यातच आईला घोंगडीत गुंडाळलं आणि बायकांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मी मागून काढ्याची बाटली घेऊन धावलो.

मला भीती वाटली. फार भीती वाटली. ही गेली तर कॉफीचं फिल्टर घरात कुठे असतं तेही मला माहीत नाही, हा विचार आधी आला आणि ती जाईल हा विचार त्याच्या मागून आला. असा क्रम का लागला कळत नाही, पण तसा तो लागला होता. आचार्यांनी आपणहून वाढून घेतलं असं मागाहून कळलं.

४ जानेवारी

ताप उतरतो आहे. आग मूत्रपिंडापर्यंत चढली होती म्हणे. सुया टोचल्या, गोळ्या दिल्या. कुठल्या हातांनी दिल्या ते मी पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई कन्नड, माझ्या मुलीच्या वयाच्या थोडी पुढे असेल. तिनं माझ्यासमोरच अनुसूयेला विचारलं, "दिवसातून किती वेळा जाता?"

अनुसूयेनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहाटे आंघोळीच्या आधी. मग दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर."

"मध्ये?"

"मध्ये मडी असते."

"आणि पाणी?"

"मध्ये पाणी प्यायचं नाही. प्यायलं तर लागते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरीणबाईनं लिहायचं थांबवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रोग्याच्या नवऱ्याचं म्हणणं ऐकायचं असेल, म्हणून मी काढ्याची बाटली पुढे केली आणि त्यात काय काय आहे ते सांगू लागलो. "हा लघवी वाढवतो, हो ना?" तिनं विचारलं. मी आनंदानं होय म्हणालो. "आणि तो यांना मडीत पाजलात?" मी त्यालाही होय म्हणालो. तिनं बाटली माझ्या हातात परत दिली आणि मला व्हरांड्यात बसायला सांगितलं. या लोकांना आपल्या वनस्पतींचा मत्सर वाटतो.

खिडकीतून दिसत होतं. आया खाटेवरच भांडं आणते. मागितलं की आणते. पहिल्या दिवशी अनुसूया तोंड झाकून घेत होती. आज तिनं तासाभरात दोनदा मागितलं आणि वर आयेच्या हातचं पाणी तांब्याभर घटाघटा प्यायली. तिच्या तोंडावर जे दिसलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

८ जानेवारी

अनुसूया घरी आली. प्रकृती सुधारली ती काढ्यानं आधीच जमीन तयार केली होती म्हणून, असं माझं मत आहे. हे बोलून दाखवलं तर अहल्या पुस्तक मिटून परसात निघून गेली.

डॉक्टरीणबाईची ताकीद आहे की दोन महिने मडी नाही, ओलं लुगडं नाही, उपवास नाही. पाणी सारखं प्यायचं, लागली की जायचं. ठीक आहे. पण धनुर्मास अजून संपलेला नाही. नैवेद्य कोण करणार?

अहल्या म्हणाली, "मी करते अण्णा. पण मडीत नाही. लागली की मी जाणार."

असला नैवेद्य देवापुढे कसा ठेवायचा? मी म्हटलं, मी करतो. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "करा की," अनुसूया म्हणाली. सव्वीस वर्षांत इतक्या पटकन ती कशाला हो म्हणाल्याचं मला आठवत नाही.

अजून एक निश्चय केला आहे. व्याख्यानात कुणी शंका काढू नये म्हणून काढा मी स्वतःवर करून पाहणार. तीन लोटे, तीच मात्रा.

९ जानेवारी

विहिरीचं पाणी या दिवसांत इतकं थंड असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंचा अंगाला चिकटतो आणि वाळत नाही. हुग्गी करपली, देवानं चालवून घेतली असेल. काढ्यामुळे दोनदा परसात जावं लागलं, म्हणजे एकूण तीन आंघोळी. दुपारी शाल घेऊन पडलो. अनुसूयेनं मिरी घालू का विचारलं. तिनं हे सरळ विचारलं की कसं, ते कळलं नाही.

१० जानेवारी

चार आंघोळी. शेवटच्या खेपेला नैवेद्य दाखवायचाच राहिला होता, तेवढ्यात पुन्हा. विहिरीपाशी उभं राहून मी रहाटाकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

११ जानेवारी

आज थांबवून पाहिलं. अनुसूया थांबवते, तर मी का नाही? तिसरा लोटा घेतल्यावर भात शिजेपर्यंत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. आरती म्हणताना दोन कडवी गाळली. पण मडी मोडली नाही.

संध्याकाळपासून आग होते आहे. ही आग कशी असते ते पुस्तकात बरोबर लिहिलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

व्याख्यान झालं. झालं म्हणजे सुरू झालं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. पुढे पुरुष, मागे बायका. अनुसूया आणि अहल्या दाराजवळ बसल्या होत्या, अनुसूयेच्या मांडीवर पाण्याची बाटली. सकाळी तीन लोटे घेतलेले आणि नैवेद्यापर्यंत पुन्हा थांबवलेलं, त्यामुळे मी टेबलाची कड धरून बोलत होतो. वनस्पतींची नावं झाली. मग मी टाचणातला मुख्य मुद्दा घेतला: आयुर्वेदाची पहिली शिकवण अशी की शरीराचे वेग अडवू नयेत, आणि त्यातही मूत्राचा वेग कधीही नाही.

मागून हसू आलं. आधी एक, मग सगळ्या. आमच्या ओळखीच्या, आमच्याच घरांतल्या, मडीच्या बायका. तोंडाला पदर लावून खांदे हलवत होत्या. मल्हाररावांच्या सोयराबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नवऱ्यासारखाच.

"रावसाहेब, मडीतल्या बाईला वेग आला तर तिनं काय करायचं?"

मी म्हटलं, "प्रश्न विषयाला धरून नाही."

यावर हॉलमध्ये जे झालं ते लिहीत नाही. पुढचे पुरुषसुद्धा मान खाली घालून हसत होते, आणि मला हे सगळं नीट ऐकूही येत नव्हतं, कारण मला त्या क्षणी जायलाच हवं होतं. टाचण टेबलावर टाकून मी मागच्या दारानं निघालो. लोकांना वाटलं मी रागावून गेलो. तसंच वाटू द्यावं.

१३ जानेवारी

आग सहन होईना. उद्या संक्रांत, म्हणजे पुन्हा पहाटेची विहीर. सकाळी सरळ मागच्या गल्लीतल्या मठात गेलो. भीमाचार्य दारातच उभे होते. आडवळणानं सांगायला सुरुवात केली, मग सरळच सांगून टाकलं.

ते म्हणाले, "अहो बिंदुमाधवराव, दुखणेकऱ्याला ही अट कुणी घातली? हातपाय धुवायचे, चूळ भरायची, रेशमी नेसायचं आणि आत जायचं. आंघोळीचं नाव नको."

"चालतं?"

"चालतं म्हणजे काय? माझ्या आज्यापासून सांगत आलोय. कुणी विचारलं की सांगतो."

मी जवळजवळ उड्या मारत घरी आलो. अनुसूया पडवीत भाजी निवडत होती. तिला सगळं सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली.

"बाईलाही चालतं?"

"आचार्य म्हणाले, दुखणेकऱ्याला. त्यात बाई काय न् पुरुष काय."

"आता नवं निघालंय का हे?"

"नवं कसलं? त्यांच्या आजोबांपासूनचं आहे."

"आणि विचारायला वेळ लागला?"

"छे, वेळ कसला. ते दारातच उभे होते."

तिनं भाजीची परात बाजूला सारली. मग म्हणाली, "रोज त्याच दारावरून कचेरीला गेलात की हो. सव्वीस वर्षं."

मी म्हटलं, हो, तोच जवळचा रस्ता आहे.

मग ती रडली. आगीत रडली नव्हती, तापात नाही, सुया टोचल्या तेव्हा नाही. इतकी छान सोय झाली म्हणून आनंदाचे अश्रू असतील, असं मी इथे लिहिलं आणि खोडलं. आनंद झाला की माणूस असं दुसरीकडे तोंड करून बसत नाही, एवढं मलाही कळतं.

डोळे पुसून ती तांब्याभर पाणी प्यायली आणि परसात गेली. परत आली, पायांवर पाणी घेतलं, आणि अंगावरच्या त्याच लुगड्यानं तडक स्वैपाकघरात शिरून मडीची घागर उचलली. दारात अहल्या उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो म्हणून.

मला तेव्हा परसात जायची घाई होती.